आपलं आपण फिरणारं चाक

भावोजी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, तुम्ही गेल्यानंतरच्या त्या कार्यक्रमात, मला चार शब्द बोलायला सांगितलं, आणि मी जागेवरून उठले नाही. भन्तेंचं झालं, सरपंच बोलले, तुमच्या भातगिरणीचे मालक बोलता बोलता थांबले आणि डोळे पुसत खाली बसले. मग कुणीतरी म्हणालं, "आता मॅडम बोलतील. त्यांचं आणि भाऊंचं फार जमायचं." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडू आवरत नाही. रडू येतच नव्हतं, भावोजी. लाज वाटत होती. शाळेच्या हॉलमध्ये ज्या माणसांसमोर मी तुमचा अपमान केला, त्यातली कितीतरी माणसं तिथे पांढऱ्या कपड्यांत बसली होती. आणि ते आपल्याला आठवतंय असं एकानेही चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्यांच्या त्या चांगुलपणानेच मला उठू दिलं नाही.

तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे.

ताईशी तुमचं लग्न झालं तेव्हा मी परकर-पोलक्यातली होते. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, माणगावच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा बोर्लीहून पेढे घेऊन सगळ्यात आधी तुम्ही आलात आणि त्या दिवसापासून मला 'मॅडम' म्हणायला लागलात. ताईला हसू आवरायचं नाही. "सख्ख्या मेव्हणीला मॅडम काय म्हणता?"

"तिला न्हाय म्हणत. तिच्या डिग्रीला म्हणतो," असं म्हणून तुम्ही हात धुवायला निघून जायचात. तुमच्या हातांना कायम गिरणीच्या पट्ट्याचा वास असायचा. भातगिरणीतलं कुठलं चाक कधी कुरकुरेल हे तुम्हाला आवाजावरून कळायचं. ताईचा दमा वाढणार असला तर तेही तुम्हाला तिच्या आधी कळायचं.

ताई गेली आणि तुम्ही बोलायचे थांबलात. वर्षभर तरी. मग एका बाजाराच्या दिवशी माणगावला माझ्या दारात उभे राहिलात. एका हातात सुकटीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर एक व्हिडिओ चालू.

"मॅडम, हे बघा. मोटर जड चाक फिरवते. चाक अल्टरनेटर फिरवतं. अल्टरनेटर त्याच मोटरला वीज देतो, आणि वर बल्ब लागतो तो वेगळा. एकदा हात दिला की आपलं आपण."

"आणि ती वरची वीज येते कुठून?"

"चाकातून. वजन हाय ना त्याला."

"वजन साठवून ठेवतं, भावोजी. बनवत नाही. तुम्ही हाताने जेवढं दिलंत तेवढंच त्या चाकात असतं. त्यातलं थोडं बेअरिंग खातं, थोडं पट्टा खातो, थोडं हवा खाते. उरलं तर उरलं. जास्तीचं कधीच निघत नाही."

"तुमच्या पुस्तकात न्हाय म्हणून जगात न्हाय?"

"पुस्तकात नाही म्हणून जगात नाही असं नव्हे. जगात कुणालाच जमलेलं नाही म्हणून पुस्तकात नाही."

हे वाक्य मला स्वतःलाच एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात ते फळ्यावर लिहिलं. मुलांना सांगितलं, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मुलं हसली. मला बरं वाटलं.

मग आपला वाद सुरूच राहिला. मी सुट्टीला बोर्लीला आले की तुम्ही नवा मुद्दा काढून तयार असायचात. नारळ झाडावरून पडतो तो फुकटच पडतो की नाही? मी म्हणायचे, आधी तो वर गेला कसा ते बघा, झाडाने नेला, झाडाला उन्हाने वाढवलं. गाडीचा अल्टरनेटर चालता चालता बॅटरी भरतो की नाही? मी म्हणायचे, भरतो, पण तेवढं डिझेल जास्त जळतं. तुम्ही मान हलवायचात, पण हार मानली म्हणून नव्हे. "मॅडम, कच्च्या दुव्यावर बोट ठेवलंत, आता तो पक्का करतो," अशी ती मान असायची.

एकदा आपण दिवेआगरच्या किनाऱ्यावर बसलो होतो. ओहोटी लागली होती. तुम्ही समुद्राकडे बोट दाखवलंत.

"बरं, ह्याचं सांगा. रोज वर येतो, रोज खाली जातो. ह्याचं बटण कुणाकडं हाय?"

"चंद्र ओढतो त्याला."

"मग चंद्राचं काय कमी होतं?"

"पृथ्वीचं कमी होतं. तिचं स्वतःभोवती फिरणं हळू होत जातं. आपल्याला कळणारसुद्धा नाही इतकं हळू."

तुम्ही बराच वेळ वाळूवर बोटाने गोल काढत राहिलात. मग म्हणालात, "म्हंजे कुणीतरी देतंच, व्हय?"

"देतंच. दिल्याशिवाय काही चालत नाही."

तुमचा चेहरा उतरला होता. मी तो बघितला आणि मनात म्हटलं, पटलं शेवटी. एवढीच माझी अक्कल. तुमच्या घरात तेव्हा राहणारा माणूस एक आणि दिवे दोन. या माणसाला एवढी जास्तीची वीज हवी तरी कशाला, हे मी एकदाही विचारलं नाही. विज्ञानात म्हणे प्रश्न विचारावे लागतात. मी फक्त उत्तरं देत होते.

आणि मग ते शाळेतलं प्रदर्शन.

बोर्लीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मुख्याध्यापकांनी हॉलच्या एका कोपऱ्यात तुम्हालाही जागा दिली होती. मला ते तिथे पोचल्यावर कळलं. जुन्या ऑइल इंजिनाचं जड फ्लायव्हील, घासून चकचकीत केलेलं. खाली लोखंडी सांगाडा, दोन्ही बाजूंना पट्टे, मोटर, अल्टरनेटर, वर एक बल्ब. सगळ्यात खाली प्लायवूडची एक पेटी, तिला कडी लावलेली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघून हसलात आणि जवळ येऊन हळूच म्हणालात, "मॅडम, आज बघाच."

तुम्ही हाताने चाक फिरवून दिलंत. बल्ब लागला. पोरं ओरडली. चाक असं फिरत होतं की त्याचा आवाजच येत नव्हता. तुम्ही ते किती महिने तोलत बसला असाल, भावोजी. मला वाटलं होतं, लगेच थांबेल. ते थांबेना. लोक टाळ्या वाजवायला लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतं आता?" ते गंमतीने म्हणाले. मला ते लागलं.

मी पेटीकडे बोट दाखवलं. "यात काय आहे?"

"ते मागाहून दाखवतो. आधी चाक बघा."

"भावोजी, पेटीत काय आहे?"

"मागाहून, मॅडम. जरा थांबा."

अशा व्हिडिओंमध्ये बॅटरी कुठे लपवलेली असते ते मला ठाऊक होतं. तुम्ही मला ठाऊक होतात, ते मात्र त्या क्षणी आठवलं नाही. मी मुलांकडे वळले. वर्गातला आवाज लावला. "विद्यार्थ्यांनो, विज्ञानात झाकलेली पेटी चालत नाही. जिथे पेटी झाकलेली असते तिथे फसवणूक असते." आणि वाकून कडी काढली.

आत ताईचं वाफेचं मशीन होतं. नेब्युलायझर. पुसून स्वच्छ केलेला. नळी गुंडाळून ठेवलेली. मास्कची इलॅस्टिकची पट्टी एका बाजूने तुटली होती म्हणून ताईने तिला गाठ मारली होती. ती गाठ तशीच होती.

तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, चाकाकडे बघत होता. म्हणालात, "चाकानं लय धरली की हे लावून बघणार होतो. चालतं का ते."

तेवढ्यात बल्ब पिवळा पडला. मग विझला. चाक आणखी थोडं फिरलं आणि थांबलं.

भावोजी, त्यानंतर मी जे केलं ते पेटी उघडण्यापेक्षाही वाईट होतं. मी तुमच्याजवळ यायला हवं होतं. पेटी बंद करायला हवी होती. मी काय केलं, तर फळ्याजवळ गेले, खडू उचलला आणि घर्षण समजावून सांगायला लागले. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही. मी बाण काढले. माझ्या तोंडातला प्रत्येक शब्द बरोबर होता. माझ्या पाठीमागे तुम्ही पेटीची कडी लावल्याचा आवाज मी ऐकला, आणि तरी मी लिहीत राहिले.

त्या दिवशी परतीच्या एसटीत बसल्यावर मला ते वादळ आठवलं. विसरले होते असं नाही. पण तुमच्या चाकाशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

वादळ आलं तेव्हा मी माणगावात अडकले होते. बोर्लीचे रस्ते पडलेल्या झाडांनी बंद, फोन मुके. तुमच्याकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. वीज गेली ती गेलीच. ताईचा दमा उसळला. वाडीत एकाच घरी जनरेटर होता, तो त्यांनी न मागता तुमच्या ओट्यावर आणून ठेवला. त्यावर ताईचं मशीन चाललं, जोवर पेट्रोल होतं तोवर. मग तुम्ही कॅन घेऊन निघालात. आडव्या पडलेल्या माडांवरून, सुपारीच्या मोडलेल्या बागांमधून. पंप बंद. शेवटी कुणा ओळखीच्याच्या मोटरसायकलच्या टाकीतून थोडं मिळालं. ते घेऊन तुम्ही परत आलात तेव्हा ताईचा हात शेजारच्या यशोदाकाकूंच्या हातात होता आणि ती गेलेली होती.

रस्ता मोकळा झाल्यावर मी धावत आले. तुम्ही ओट्यावर बसला होता. मी चप्पलसुद्धा काढली नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "तिचा जीव जात होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

तुम्ही म्हणालात, "पेट्रोल आणायला गेलतो."

एवढंच बोलणं झालं आपलं त्यावर. पुन्हा कधी मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

आता कळतं. तुम्हाला फुकटची वीज नको होती. बाहेरून काही आणून घालावंच लागणार नाही असं यंत्र तुम्हाला हवं होतं. म्हणजे ते आणायला कुणाला उठून जावं लागणार नाही. तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी ताईबद्दल बोलत होता, आणि मी बेअरिंगबद्दल बोलत होते.

प्रदर्शनानंतर तुम्ही रागावाल, यायचं बंद कराल, असं मला वाटलं होतं. मला ते सोसलं असतं. तुम्ही पुढच्याच बाजाराला आलात. सुकट आणलीत, वर ताज्या तांदळाची पिशवी आणलीत. त्या दिवसाचं नाव काढलं नाहीत. मोबाईल उघडून लोहचुंबकाचं नवं चाक दाखवलंत. "मॅडम, ह्याला तर पट्टाच न्हाय. घासणार काय?"

मी म्हटलं, "असेल, भावोजी."

"असेल?"

"हो. होत असेल तसंही."

तुम्ही मोबाईल खिशात ठेवलात आणि माझ्याकडे निरखून बघितलंत. "मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावत राहिले. मला वाटायचं, मी तुम्हाला जपते आहे. खरं म्हणजे मी स्वतःला जपत होते. तुम्ही आशेने काहीतरी अचाट बोलायचात, मी "असेल" म्हणायचे, आणि तुम्ही चहा संपवून उठायचात. ताई गेल्यावर तुमच्याशी भांडणारं एकच माणूस उरलं होतं. तेही मी काढून घेतलं.

मग तुम्हीच त्यातून वाट काढलीत. एक दिवस दारातूनच विचारलंत, "मॅडम, मान डोलवू नका, नीट सांगा. चाकाला बाहेरून द्यावंच लागतं. मान्य. पण देणारं माणूस घरातलंच असलं तर चालंल?"

"म्हणजे?"

"सायकल मारली तर. रोग्याच्या खाटंजवळ बसून. कुठं जायाचं न्हाय."

मी बाहेर येऊन पायरीवर टेकले. मग म्हटलं, "चालेल. त्या माणसाला भूक लागेल फक्त. ऊर्जा त्याच्या पोटातून जाईल."

"भाकरी देऊ की," तुम्ही म्हणालात. "वाफंच्या मशीनपुरतं एक माणूस पुरंल?"

मी कागद घेतला नाही, फळा घेतला नाही. आपण दोघं माझ्या पायरीवर बसून बोललो. एका दमात चालवणं जड जाईल. मध्ये गाडीची जुनी बॅटरी ठेवा, छोटा इन्व्हर्टर ठेवा, आणि ते जड चाक असू द्या, म्हणजे पाय थकले तरी झटके बसणार नाहीत. तुम्ही दर वाक्याला "व्हय" म्हणत होता. माझ्या शास्त्राचा कुणाला खराखुरा उपयोग झाला असेल तर तो त्या पायरीवर. तो तुम्ही करून घेतलात, माझ्याकडून, त्या सगळ्यानंतर. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. कसे मानायचे हेही सुचलं नाही.

ते यंत्र तुम्ही विहाराच्या पडवीत बसवलंत, घरात नव्हे. "माझ्या घरात आता कोण हाय? हितं सगळ्यांना जवळ पडंल," म्हणालात. पहिल्यांदा चालवलंत तेव्हा यशोदाकाकूंना खुर्चीत बसवलंत, कारण आता दमा त्यांनाही धरला होता. तुम्ही पायडल मारत होता, मशीन घरघरत होतं, मास्कमधून वाफ येत होती. आणि तुमच्या चेहऱ्यावर ना जिंकल्याचा भाव होता ना हरल्याचा. तुम्ही फक्त काकूंच्या छातीकडे बघत होता, वर-खाली, वर-खाली.

मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा ठरवूनच आले होते. तुमच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, "भावोजी, ताई गेली तेव्हा मी आल्या आल्या जे विचारलं…"

तुम्ही हात वर केलात. "म्हाईत हाय मला काय बोलणार ते. नको बोलूस, संगीता."

तुम्ही मला कधी नावाने हाक मारत नव्हता.

"बोललीस की मला काहीतरी उत्तर द्यावं लागंल. आन् ते माझ्याकडं न्हाय." पुढे म्हणालात, "तू असतीस तर तूबी कॅन घेऊन गेली असतीस. मला ठाव हाय."

तुम्हीच मग खाकरलात. "त्यापरीस ते लोहचुंबकाचं सांग. त्याला का जमत न्हाय?"

"नाही जमणार, भावोजी."

"पर का?"

"कारण चुंबक जेवढं पुढे ओढतो तेवढंच, जवळून निघून जाताना, मागे ओढतो."

"मग मागं ओढायच्या आधीच त्याला झाकला तर?"

"झाकायला जोर लागेल, तो कोण देणार?"

"आता कशी बोललीस!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि इतके मोठ्याने हसलात की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. आपण एसटीची वेळ होईपर्यंत भांडलो. झाकायला लागणारा जोर परत मिळवता येईल का, यावर तुमचं काहीतरी म्हणणं होतं. ते अर्धंच ऐकून मी गाडीकडे पळाले. पुढच्या बाजाराला ऐकायचं होतं.

तुम्ही दुपारचे आडवे झालात आणि उठलाच नाहीत, असा फोन आला. तुमच्या वेळेला कुणाला कुठे धावत जावं लागलं नाही. कुणाला काही करायलाच मिळालं नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी दोन दिवस तुमच्या घरी राहिले, तुमची हत्यारं पुसून ठेवायला. काल संध्याकाळी वीज गेली. थोड्या वेळाने यशोदाकाकूंची सून धापा टाकत आली. "मॅडम, आईंना घुसमटतंय. आमचे हे अजून कामावरून आले नाहीत. जरा येता?"

काकूंना तिने विहाराच्या पडवीत आणून बसवलं होतं. तिने औषध भरलं, मास्क लावला. मी साडी खोचली आणि तुमच्या यंत्रावर बसले. पहिल्यांदाच. फळ्यावर तेवढी ऊर्जा मी किती वेळा लिहिली होती, पण मांड्यांना ती काय असते ते मला माहीत नव्हतं. मी घाईने, जोरजोरात पाय मारायला लागले. काकूंनी मास्कच्या आतून मान हलवली आणि हाताने खूण केली, हळू. मी हळू केलं. मग चाकच मला सांगायला लागलं किती जोर लावायचा. घरघर एकसारखी झाली. काकूंचे खांदे खाली आले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि माझाही.

मध्येच पडवीतला दिवा लागला. सून म्हणाली, "मॅडम, उतरा आता. लाइट आली. मशीनची वायर भिंतीतल्या प्लगला लावते."

मी म्हटलं, "राहू दे गं. औषध संपू दे."